स्वच्छ स्लाइड

मला चक्कर येते असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चक्कर आकाशपाळण्यात येते, घाटात गाडी वळली की येते. मी कोसळते. आधी तळहातांना खाज सुटते, मग मान आणि चेहरा लाल होतो, छाती धडधडते, पोटात कळ येते, आणि त्यानंतरचं मला दुसऱ्यांकडून कळतं. हे सगळं इतक्या जणांना सांगून झालंय की आता पाठ झालंय. पाठ झाल्यामुळेच ते ऐकणाऱ्याला रचलेलं वाटत असेल, असाही संशय मला मधे येऊन गेला होता.

पहिल्यांदा पडले ती डोंबिवलीत, आमच्याच सोसायटीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. दाढ ठणकत होती म्हणून दुखणं थांबवायची गोळी घेऊन गेले होते. कुंकू लावून झालं, तिळगूळ तोंडात गेला, आणि वाण हातात पडायच्या आत मी सतरंजीवर आडवी. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. तळमजल्यावरच्या काकू मात्र थेट खिडकीशी गेल्या आणि त्यांनी बाहेरची हवा हुंगली. आमच्याकडे ही रीतच आहे. कुणाला काही झालं की आधी एमआयडीसीकडून येणाऱ्या वाऱ्याचा वास घ्यायचा. "आज सोडलंय गं कुठल्यातरी कंपनीने," असं काकूंनी जाहीर केलं आणि माझं निदान झालं. मी शुद्धीवर येऊन बघते तर आणखी दोघीतिघींना मळमळायला लागलेलं.

दुसऱ्यांदा पडले ती कामावर. मी डॉक्टर आहे, पण स्टेथोस्कोपवाली नाही. ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोपासून चालत जाता येईल अशा एका लॅबमध्ये मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लोकांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि मायक्रोस्कोपखाली बघून काय ते लिहायचं, असं आमचं काम. पेशंट मला कधी बघत नाही, पण त्याला काय झालंय ते पुष्कळदा मी ठरवते. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून गोळी घेतली आणि थोड्या वेळात खुर्चीवरून खाली आले. तिथे कांदा नव्हता, बाकी सगळं तसंच झालं. आमचे विभागप्रमुख वयाने माझ्याहून बरेच लहान आणि अतिशय सभ्य गृहस्थ. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार ताण घेता."

तिसऱ्यांदा घोडबंदर रोडवर, भाचीच्या घरी. तिच्या बाल्कनीतल्या कुंडीतलं तण उपटत होते आणि हाताला लाल मुंग्या कडकडून चावल्या. पुढचं तेच. हॉस्पिटल तिच्या खिडकीतून दिसत होतं, पण घोडबंदर रोड तो घोडबंदर रोड, कायम गाड्यांनी तुंबलेला. गाडी तिथवर पोचेपर्यंत माझी लाली उतरली होती आणि मी बसून बोलायला लागले होते. तिथल्या तरुण डॉक्टरने मला ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त काढलं आणि सगळं नॉर्मल आलं म्हणून सांगितलं. पलंगाशी उभं राहून तो मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः डॉक्टर ना, त्यामुळे तुम्ही जास्त विचार करता. या वयात लेडीजना होतं असं. मन शांत राहायला एक गोळी लिहून देतो."

माझं मन तोवर शांत होतं. या वाक्याने ते जे बिघडलं ते पुढे कितीतरी दिवस जाग्यावर आलं नाही.

कारण मला संशय होता, आणि तो मनाचा नव्हता, मास्ट पेशींचा होता. मास्ट पेशी सगळ्यांना असतात. तुम्हालाही आहेत. कातडीत, आतड्याच्या भिंतीत, नाकाघशात त्या विखरून बसलेल्या असतात, आत बारीक दाणे भरून. डास चावला की त्या फुटतात, दाणे बाहेर सांडतात, खाज सुटते, गांधी उठते. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. काही थोड्या माणसांच्या अंगात मात्र या पेशी गरजेपेक्षा फार जास्त असतात. त्या सगळ्या एकदम फुटल्या तर रक्तदाब पार खाली जातो आणि माणूस कोसळतो. एखादी मुंगी किंवा एखादी वेदनाशामक गोळी त्याला पुरते. त्या सांडलेल्या मालात ट्रिप्टेज नावाचं एक एन्झाइम असतं. झटका येतो तेव्हा ते रक्तात चढतं आणि काही तासांत उतरतं. माझं रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं होतं. म्हणजे ही मंडळी पाणी ओसरल्यावर पूर मोजायला आली होती.

शिवाय माझ्या हातांवर डाग होते. कोपराच्या खाली, तपकिरी, मसुराच्या डाळीएवढे. बरीच वर्षं होते. एका त्वचेच्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बघून मलम लिहून दिलं होतं, आईने उष्णता म्हटलं होतं, आणि मी लांब बाह्यांची ब्लाउजं शिवून घेतली होती. घोडबंदर रोडच्या त्या पलंगावर पडल्या पडल्या मी पेनाच्या टोपणाने एक डाग घासला. बघता बघता तो फुगला, लाल झाला, वाटाण्यासारखा वर आला. शेजारची चांगली कातडी घासली, ती जराशी लाल होऊन गप्प बसली, म्हणजे मास्ट पेशींची दाटी डागातच होती. मी नवऱ्याला हाक मारली. "अहो, हे बघा ना." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "अगं, खाजवू नकोस."

माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या सह्या जुळवून बघितल्या, त्यामुळे कागदावर नसलेल्या गोष्टीवर त्यांचा पटकन विश्वास बसत नाही. माझ्या तीन पडण्यांनंतर ते मला एकटीला कुठे सोडेनात. स्टेशनपर्यंत माझ्यामागून चालायचे, आणि मी वळून बघितलं की दुकानाच्या पाट्या वाचल्यासारखं करायचे. त्यांची काळजी खरी होती आणि नेमका तिचाच मला संताप यायचा. एका रविवारी सकाळी ते म्हणाले, "पुरे आता. नोकरी सोड. त्या डॉक्टरने लिहून दिलेली गोळी सुरू कर. वर्षभरात बरी होशील."

"मला वेड लागलेलं नाही."

"वेड कोण म्हणतंय? टेन्शन म्हणतोय."

"या डागाचा तुकडा काढून तपासते," मी म्हटलं. "त्यात मास्ट पेशी गरजेपेक्षा जास्त निघाल्या तर यापुढे या घरात टेन्शन हा शब्द काढायचा नाही."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर नोकरी सोडते आणि गोळी घेते."

"शब्द?"

"शब्द."

रागाच्या भरात मी काय पणाला लावलं ते नंतर आंघोळ करताना माझ्या लक्षात आलं. ती नोकरी म्हणजे माझा सगळा दिवस होता. मायक्रोस्कोपच्या त्या गोल उजेडात डोळा घातला की मला कुणाची बायको, कुणाची मामी, कुणाची काही असावं लागत नाही. आणि ती गोळी एकदा घेतली असती तर पुढे मी कशाचीही तक्रार केली की लोकांनी गोळी वाढवली असती. पण शब्द दिला होता. मी घाबरले नव्हते, कारण मला माझी खात्री होती.

त्वचेच्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडून मी डागाचा तुकडा काढून घेतला आणि तो आमच्याच लॅबमध्ये आला, कारण मास्ट पेशींची अँटिबॉडी आसपास आमच्याकडेच होती. ही अँटिबॉडी म्हणजे एका छोट्याशा बाटलीतलं पाण्यासारखं दिसणारं द्रावण. ते उंदराच्या पेशींकडून बनवून घेतलेलं असतं आणि त्याला एकच गोष्ट ओळखता येते, माणसाचं ट्रिप्टेज. कापावर ते घालायचं. जिथे ट्रिप्टेज असेल तिथे ते चिकटतं. उरलेलं धुवून टाकायचं आणि जिथे चिकटलंय तिथेच तपकिरी रंग धरेल अशी पुढची प्रक्रिया करायची. सगळा काप फिकट निळा, आणि मास्ट पेशी तेवढ्या तपकिरी. मला या बाटल्यांचं फार कौतुक आहे. त्या पेशंटचं वय विचारत नाहीत, बाई की पुरुष ते विचारत नाहीत, घरी काही ताणतणाव आहे का तेही विचारत नाहीत.

स्वतःची स्लाइड स्वतः वाचायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो योग्यच आहे. माझी स्लाइड विभागप्रमुखांनी वाचली. दुपारी ते स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. चेहऱ्यावर हसू होतं.

"मॅडम, चांगली बातमी. काही नाहीये. मास्ट पेशी अगदी थोड्या आहेत, नॉर्मल."

मी थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार? संध्याकाळी घरी सांगितलं. यजमानांनी आनंद दाखवला नाही, सांगितलं होतं ना असंही म्हणाले नाहीत. फक्त पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "शब्द दिलायस." तो चांगुलपणा मला जास्त लागला. त्यांनी भांडण काढलं असतं तर मी जिंकले असते.

दुसऱ्या दिवशी राजीनामा टाइप करायला बसले आणि मायना लिहून थांबले. मग उठून विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, "सर, माझी स्लाइड मला नुसती बघू द्याल? लिहायचं काही नाही." ते म्हणाले, "बघा ना, त्यात लपवायचं काय!"

स्लाइड सुंदर होती. आमच्या विभागप्रमुखांना स्वच्छतेचा भारी सोस. मायक्रोस्कोपवर बसायच्या आधी आणि उठल्यावरही ते भिंगं पुसतात, टेबलावरचा पेन तिरका असला तर सरळ करतात. त्यांनी विभाग हातात घेतल्यापासून आमच्या स्लाइडचा लौकिक झाला होता. माझी स्लाइडही तशीच, निळसर, नितळ, कुठे एक डाग नाही. कातडीच्या खालच्या थरात चारदोन फिकट तपकिरी पेशी, बस. मी बराच वेळ बघत राहिले आणि खरं सांगते, त्या दहापंधरा मिनिटांत माझा माझ्यावरचा विश्वास उडाला. म्हटलं, असेल बाई. असेल मनाचंच.

उठता उठता सवयीने स्लाइड कडेला सरकवली. आमच्याकडे अशी चाल आहे की खास रंगाच्या प्रत्येक काचेवर पेशंटच्या तुकड्याशेजारी आणखी एक छोटा तुकडा ठेवायचा, ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे असा. त्याला कंट्रोल म्हणतात. तो नीट रंगला तर पेशंटच्या निकालावर भरवसा ठेवायचा. या काचेवर कंट्रोल म्हणून कुणाच्या तरी अपेंडिक्सचा तुकडा होता. अपेंडिक्सच्या भिंतीत मास्ट पेशी असतातच, भरपूर, सगळीकडे पेरलेल्या. मी शोधायला लागले. एक दिसली, फिकट. बऱ्याच वेळाने दुसरी. मी त्या अपेंडिक्सची सगळी भिंत फिरून आले आणि माझे कान तापले. हे अपेंडिक्स ज्याचं होतं त्यालाही काय टेन्शन होतं?

आमची टेक्निशियन स्लाइड रंगवत बसली होती. अनेक वर्षांची जुनी, हाताची पक्की बाई. मी तिला विचारलं, "ट्रिप्टेजची बाटली कशी वापरता गं?"

"मॅडम, बाटली नवीन आलेली ना, तेव्हा कंपनीने लिहिलेलं तसंच लावलेलं मी," ती म्हणाली. "सगळीकडे ठिपके ठिपके. टॉन्सिल बघितलं, ठिपके. आतडं बघितलं, ठिपके. सर बोलले, बॅकग्राउंड येतंय, घाण दिसतेय, पातळ कर. मग पातळ केलं. तरी ठिपके. मग अजून पातळ केलं. मग एकदम क्लीन आलं, सर खूश झाले. तेव्हापासून तेच चालू आहे. का, काही चुकलं का?"

मी तिला काही चुकलं नाही म्हणून सांगितलं, आणि तिचं खरंच काही चुकलं नव्हतं. विभागप्रमुखांचंही चुकलं ते त्यांच्या चांगल्या सवयीमुळे. कुठलीही अँटिबॉडी जास्त दाट झाली की ती भलत्या ठिकाणी चिकटते, काप मळकट दिसतो, आणि मग ती पातळ करत न्यायची असते. हे आम्ही सगळेच करतो. त्यामुळे स्लाइडवर विखुरलेले ठिपके दिसले की आमच्या लोकांचा हात आधी पाण्याकडे जातो. पण मास्ट पेशी मुळात विखरूनच बसतात. टॉन्सिलमध्ये ठिपके, आतड्यात ठिपके, असणारच ना! आमटीत पाणी घालत गेलं की शेवटी पातेलं स्वच्छ दिसतं, डाळ दिसत नाही. सरांनी घाण समजून जे नाहीसं केलं त्याच पेशी होत्या.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं नाही.

"सर, ट्रिप्टेज फार पातळ झालंय. कंट्रोल रंगलेला नाही."

त्यांनी टेबलावरची स्टेपलर सरळ केली. "मॅडम, रंगलाय. दोन पेशी मी स्वतः पाहिल्यात."

"अपेंडिक्समध्ये दोन?"

"जास्त स्ट्राँग केलं की बॅकग्राउंड येतं. आम्ही करून बघितलंय." मग जे बोलायचं टाळत होते ते बोलले. "मॅडम, राग मानू नका. हे तुम्ही मागच्या महिन्यात विचारलं असतं ना, तर मी लगेच ऐकलं असतं. आज तुमचा स्वतःचा रिपोर्ट आलाय आणि आज तुम्ही विचारताय."

त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच मी जास्त भडकले. माझा आवाज बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेला असणार, जाऊ दे.

"माझी स्लाइड कुलपात ठेवा," मी म्हटलं. "माझं नावही काढू नका. एक अपेंडिक्स घ्या, कुणाचंही, तुम्ही निवडा. त्याचे लागोपाठचे दोन काप घेऊ. एकावर ट्रिप्टेज लावू, कंपनीने सांगितलंय तेवढं दाट. दुसऱ्यावर टोल्युडिन ब्लू."

टोल्युडिन ब्लू हा आमच्या शिकायच्या काळातला साधा निळा रंग. अँटिबॉडी वगैरे काही नाही. सगळा काप निळा होतो, पण मास्ट पेशींचे दाणे त्यात जांभळे पडतात. आमच्या कपाटात त्याची बाटली होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

"त्याने काय होईल?" सर म्हणाले.

"ब्रेडच्या लागोपाठच्या दोन स्लाइसमध्ये एकच मनुका अर्धा इकडे, अर्धा तिकडे सापडतो की नाही? तसं. जिथे इकडे तपकिरी ठिपका, तिथेच तिकडे जांभळी पेशी आली पाहिजे. नाही आली तर तुमचं खरं, ती घाण. मग मी आजच राजीनामा देते. नाहीतरी मायना लिहून तयार आहे."

त्यांना वाटलं मी धमकी देतेय. मी खरं तेच सांगत होते, पण ते समजावत बसायला मला वेळ नव्हता. त्यांनी टेक्निशियनला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काचा तयार झाल्या. आमच्याकडे एक दोन तोंडांचा मायक्रोस्कोप आहे, दोघांनी समोरासमोर बसून एकच काप बघायचा. सरांनी दोन्ही बाजूंची भिंगं पुसली, आम्ही बसलो, आणि त्यांनी आधी ट्रिप्टेजची काच लावली. ठिपकेच ठिपके. ते बघून त्यांनी नाक मुरडलंच. मी एक वाकडी रक्तवाहिनी खूण म्हणून पकडली. तिच्या डावीकडे तीन ठिपके ओळीत, वर एक जाडसर, खाली दोन जोडीने. मग काच बदलली. निळ्या कापात तीच वाकडी रक्तवाहिनी शोधली. डावीकडे तीन जांभळ्या पेशी ओळीत. वर एक जाडसर. खाली दोन जोडीने.

सरांनी स्वतःच दुसरी जागा निवडली, परत पहिली काच लावली, परत दुसरी. मग तिसरी जागा.

"दोन वेगळ्या काचा, दोन वेगळे रंग," मी म्हटलं. "घाण दोन्हीकडे एकाच जागी येऊन बसते का सर?"

त्यांनी डोळे वर केले. त्या माणसाबद्दल मी पुढेमागे काहीही बोलले तरी एक गोष्ट मान्य करीन, त्यांनी कारणं शोधली नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. ते टेक्निशियनला म्हणाले, "ही बाटली आल्यापासूनच्या सगळ्या केसेस काढा. सगळ्या परत लावायच्या, पूर्ण दाट." मग मला म्हणाले, "तुमची मी वाचणार नाही, तुम्हीही नाही. कल्याणला माझे एक सीनियर आहेत, त्यांच्याकडे बिननावाची पाठवतो." मला हेच हवं होतं. माझा हट्ट म्हणून मिळालेला निकाल मला नको होता.

घरी त्या रात्री मी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शब्द बदललास?"

"नाही. शब्द स्लाइडवर दिला होता, पाण्यावर नाही."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण बँकेतल्या माणसाला खोटी सही म्हणजे काय ते माहीत असतं. त्यांनी राजीनाम्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

कल्याणहून निकाल आला. कातडीच्या वरच्या थराखाली आणि रक्तवाहिन्यांभोवती मास्ट पेशींची दाटी, असं स्पष्ट लिहिलं होतं. मग सरांनी स्लाइड माझ्या हातात दिली. या खेपेला मी बसले आणि डोळा लावला तर सगळं तपकिरी. एकेक पेशी मोजायची सोय नव्हती, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आधीच्या काचेवर हीच जागा नितळ निळी होती. माझं पडणं, लाल होणं, सतरंजीवरचं ते पाणी आणि तो कांदा, सगळं त्या अर्ध्या इंचात रंगून बसलं होतं. मला रडू आलं. आजारी असल्याचं कळून इतका आनंद झालेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि इतक्या शिकल्यासवरलेल्या माणसांत माझ्यावर पहिल्यांदा विश्वास कुणी ठेवला, तर एका उंदराने.

परत लावलेल्या केसेसपैकी काहींचे निकाल बदलले. ती माणसं कोण हे मी सांगणार नाही. ते सांगायचा मला अधिकार नाही. पण त्यांच्या डॉक्टरांना सरांनी स्वतः फोन केले, एकेक करून, आणि आमची स्लाइड चुकली असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आता आमच्या ट्रिप्टेजच्या काचांवर ठिपके असतात. ते बघून सर अजूनही किंचित तोंड वाकडं करतात.

माझ्या पुढच्या तपासण्या चालू आहेत. वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच बंद झाल्या. पर्समध्ये अॅड्रिनलिनची इंजेक्शनं आली, झटका आला की लगेच टोचायची. ती टोचायला यजमान शिकले, मोसंब्यांवर सराव करून. त्या आठवड्यात आमच्याकडे कितीतरी मोसंबी भोकं पडून रस गाळत होती. स्टेशनपर्यंत ते अजूनही येतात, पण आता मागून नाही, बरोबर चालतात. टेन्शन हा शब्द त्यांनी घरातून हद्दपार केला. एकदा टीव्हीवरच्या मॅचबद्दल तो त्यांच्या तोंडून निसटला आणि त्यांनी जीभ चावली.

मग पुन्हा संक्रांत आली. तेच घर, तीच सतरंजी. मी या वर्षी आखूड बाह्यांचं ब्लाउज घालून गेले. डाग उघडे. कुंकू लागलं, तिळगूळ मिळाला, आणि तळमजल्यावरच्या काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बरी आहेस ना गं आता? मनाला लावून घेत जाऊ नकोस बाई. मनाचंच असतं हे सगळं."

मी समोरच्या ताटलीतला चमचा उचलला. उलटा धरला. हात पुढे केला आणि त्याच्या दांड्याने एक डाग घासला. डाग लाल झाला, फुगला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाटाण्यासारखा वर आला.

"हे घ्या माझं मन," मी म्हटलं. "हात लावून बघा. चावत नाही."

काकूंनी बोट लावलं आणि मागे घेतलं. मग बाकीच्या एकेक करून पुढे आल्या. कुणी हलकेच दाबून बघितलं, कुणी दुखतं का विचारलं. मी सगळ्यांना सगळं सांगितलं. मास्ट पेशी, दाणे, मुंग्या, बाटली, अपेंडिक्स. पहिल्यांदाच कुणी मला मधे तोडलं नाही. काकूंची नजर मात्र सारखी खिडकीकडे जात होती.

"काकू, आज वारा नाहीये," मी म्हटलं.

हसल्या सगळ्या, काकूही हसल्या. यजमानीणबाईंनी वाण माझ्या हातात ठेवलं. मी हात मागे घेतला नाही.

"आणि मागच्या वर्षीचं?"

"काय मागच्या वर्षीचं?"

"वाण. मी पडले तेव्हा द्यायचं राहिलं होतं. तेही द्या."

त्या आत जाऊन शोधून घेऊन आल्या. स्टीलची छोटी वाटी होती. दोन्ही वाणं मी पर्समध्ये इंजेक्शनांशेजारी ठेवली आणि लवकर निघाले, कारण सकाळी कामाला जायचं होतं.